बांधावरची शपथ

चिक्कडपल्ली, हैदराबाद
३ जून १९९७

त्रिवेणी,

नावाआधी काय लिहावं यात दोन कागद वाया गेले. 'प्रिय' लिहायचा हक्क मी सहा वर्षांपूर्वी सिकंदराबादच्या सभेत घालवला. 'नमस्कार' लिहिला तर तुला वाटेल, हा माणूस काहीतरी मागायला आलाय. मागायचं काही नाही. एक बातमी आहे, ती दुसऱ्या कुणाकडून पुण्याला पोचण्याआधी माझ्या हातून जावी, एवढंच.

मी समिती सोडली.

एकोणीस वर्षं झाली. पहिली सभा अंबरपेठेत एका पिठाच्या गिरणीसमोर झाली होती. ऐकायला अकरा जण होते आणि त्यातले चार दळण घ्यायला आलेले. तेव्हा मी परभणीकडून आलेला, तेलुगू मोडकी, दखनी त्याहून मोडकी. पण आवाज होता. आता समितीला हिमायतनगरात दुमजली ऑफिस आहे, फॅक्स आहे, तीन कॉम्प्युटर आहेत आणि त्यांना गरम होऊ नये म्हणून थंड केलेली एक खोली आहे. माणसं बाहेर पंख्याखाली बसतात. परवाने उठले, दारं उघडली, त्या दारातून औषधांचे नवे कारखाने आले आणि त्याच दारातून त्यांच्याविरुद्ध लढायला परदेशी निधी आला. हे मी भाषणात म्हणालो असतो तर टाळी पडली असती. घरात म्हणालो तर अनुराधा म्हणाली, "भाजी निवडता निवडता बोला, म्हणजे दोन्ही होईल."

विक्रम तुला आठवत असेल. तू होतीस तेव्हा पत्रकं वाटायचा, आता सचिव आहे. राजीनामा त्याच्या टेबलावर ठेवला. त्यानं वाचला, घडी घातली आणि परत माझ्या खिशात ठेवला. हो, माझ्या खिशात, त्याच्या हातानं.

"सर, संस्थापक राजीनामा देतो का कुठे? तुम्ही नोकरीवर आहात का?"

"मग मी कशावर आहे?"

"तुम्ही तर लेटरहेडवर आहात," तो म्हणाला. विनोद करत नव्हता.

म्हणून मी तो पोस्टानं पाठवला, पोच घेऊन. पोच आली, उत्तर आलं नाही. सभांच्या याद्यांत माझं नाव अजून छापलं जातंय. सोडणं इतकं अवघड असेल असं वाटलं नव्हतं. तुला तर मी एका भाषणात घालवून दिलं होतं.

त्या भाषणाबद्दल मी माफी मागत नाही. बोललो ते तेव्हा मला खरं वाटत होतं. समिती सोडण्याचं कारण वर लिहिलं आहे तेच: कॉम्प्युटर, फॅक्स, थंड खोली. दुसरं काही नाही.

उत्तराची गरज नाही.

हिम्मतराव


१९ जून १९९७

त्रिवेणी,

उत्तर आलं नाही हे बरंच झालं. मागच्या पत्रात मी कारण खोटं लिहिलं होतं. कॉम्प्युटरमुळे कुणी एकोणीस वर्षांचं काम सोडत नाही.

येल्लारमच्या बायका नळाचं पाणी घेत नाहीत.

कोर्टानं फेब्रुवारीत हुकूम दिला. कारखान्यांनी गावाला बाहेरून चांगलं पाणी आणून द्यायचं. मार्चअखेर पाइप आले, नळ बसले. गावात पाच ठिकाणी सिमेंटचे ओटे, त्यांवर पितळी तोट्या. पेपरात माझा फोटो आला, हात वर केलेला. समितीचा आजवरचा सगळ्यात मोठा विजय. पुरुष त्या नळावर अंघोळ करतात, मुलं शाळेतून येताना तोंड लावून पितात. पण एक्केचाळीस घरांच्या बायका अजून त्या सांडपाण्यानं नासलेल्या तलावाखालच्या विहिरीवरच जातात आणि स्वतः तेच पितात. का, ते तुला सांगायला नको. तू तिथे होतीस.

१९९०चा आषाढ. कारखाना तेव्हा आपणहून टँकर पाठवत होता, बायकांनी केस मागे घ्यावी म्हणून. दुसऱ्या दिवशी टँकरपुढे रांग लागणार हे दिसत होतं. मी बांधावर उभा राहून पाऊण तास बोललो. नद्या, साम्राज्यं, मिठाचा सत्याग्रह, सगळं झालं, आणि समोर बायका पदरानं वारा घेत बसलेल्या. माझी तेलुगू चिक्कडपल्लीच्या बाजारातली. तिच्यात वांगी घेता येतात, क्रांती करता येत नाही. तेवढ्यात माझं लक्ष बांधावरच्या मैसम्माकडे गेलं. शेंदूर फासलेला दगड, वर कडुनिंब. तलाव राखणारी ती. मी, ज्यानं स्वतःच्या लग्नात भटजीला परत पाठवलं होतं, घागरीत हळद कालवायला लावली आणि म्हणालो, अम्माची शपथ घ्या. माझ्यामागून म्हणा. हा तलाव साफ होईपर्यंत कंपनीच्या हातचं पाणी आमच्या ओठाला लागणार नाही.

एक्केचाळीस हात हळदीत बुडाले आणि दगडाच्या चौथऱ्यावर उमटले. टँकर भरलेला परत गेला. रात्रभर मला वाटत होतं की भाषा सापडली. तू जीपमध्ये फक्त एवढंच म्हणालीस, "हिम्मतराव, ही गाठ सोडवणार कोण?" मी हसलो होतो.

त्या दरवर्षी बोनालूला, म्हणजे मैसम्माच्या जत्रेला, पुन्हा हळदीचे हात उमटवतात. विक्रमनं त्याचा फोटो समितीच्या रंगीत पुस्तिकेवर घेतलाय. पिवळे हात, फार देखणे.

एप्रिलमध्ये एल्लम्माकडे गेलो. बायकांत शपथ आधी तिनंच घेतली होती. तिची सून बालमणी दारात तांदूळ निवडत होती. दोनदा पोट पडलं आहे पोरीचं. आता पाचवा महिना. मी म्हटलं, "एल्लम्मा, अब तो नल का पानी लेव. कोर्ट ने दिलाया."

"पाइप कौन डाला?"

"कंपनी डाली, मगर..."

"तो कंपनी के हाथ का हुआ ना, साब. तुम ही बोले थे."

"वो जमाना अलग था."

"अम्मा का जमाना अलग नहीं होता." मग सुनेकडे बघून, माझ्या लाजेखातर आवाज खाली आणून म्हणाली, "तलाव साफ करा देव, फिर पीते. तुम बोले ना, होता बोलके? हौ की नहीं?"

मी "हौ" म्हणालो. परत येताना बसमध्ये राजीनामा लिहिला. हे खरं कारण. पळालो.

पण पळता येत नाही. वीस जुलैला बोनालू आहे. परदेशी पाहुणे येणार आहेत आणि विक्रमला शपथ माझ्या तोंडून पुन्हा वदवून घ्यायची आहे. गावालाही तेच हवंय. घरी बसलो तर त्या माझ्याशिवाय हात उमटवतील आणि बालमणी आणखी एक वर्ष विहिरीचं पाणी पिईल.

म्हणून आता मागतो. मागणार नाही म्हणालो होतो, तेही खोटंच. एका प्रश्नाचं उत्तर दे: तो तलाव साफ होईल का? किती वर्षांत? तू गाळाची तपासणी केली होतीस. मला आकडा हवा आहे.

हिम्मतराव


८ जुलै १९९७

त्रिवेणी,

कार्ड मिळालं. तुझं अक्षर अजून बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांसारखंच आहे, कुणालाही वाचता येईल असं. "गाळ काढल्याशिवाय नाही. काढलेला गाळ टाकायला जागा नाही. तुमच्या-माझ्या हयातीत नाही, पुढच्या पिढीच्याही नाही. हे मी तुम्हाला १९९१ साली लिहून दिलं होतं."

दिलं होतंस. अकरा पानं. माझ्या कपाटात आहेत, धोत्रांच्या खाली. काल काढून पुन्हा वाचली. खरं तर 'पुन्हा' नाही. तेव्हा मी शेवटचं पान वाचून मिटून ठेवली होती. तू म्हणालीस, हे गावात वाचून दाखवा, आपण दुसरं काहीतरी मागू, पाणी मागू, तलाव सोडून देऊ. मी म्हणालो, तलाव सोडला तर लढ्यात उरतं काय? लोक आकड्यासाठी रस्त्यावर येत नाहीत. तू म्हणालीस, मग मी वाचते. आणि आठवड्याभरात सिकंदराबादच्या सभेत, आठशे माणसांपुढे, तुझ्या आईसमोर, मी म्हणालो की आपल्यातली एक बाई कंपनीची भाषा बोलू लागली आहे. नाव घेतलं नाही. सगळ्यांनी माना वळवून तुझ्याकडेच बघितलं. तू उठून गेलीस तेव्हा टाळ्या पडल्या. मी त्या थांबवल्या नाहीत.

तू कंपनीची नव्हतीस हे मला तेव्हाही माहीत होतं. पहिल्या पत्रात लिहिलं होतं, खरं वाटत होतं म्हणून. नव्हतं वाटत.

आणखी एक लिहितो, मग थांबतो. शपथेचे शब्द आधी मी उच्चारले होते. त्यांच्या हिशेबानं पहिला बांधला गेलो तो मी. या सात वर्षांत मी येल्लारमला शंभरदा तरी गेलो असेन. तिथल्या विहिरीचा एक घोट घेतला नाही. झोळीत घरची उकळलेल्या पाण्याची बाटली असायची. चहा आला तर म्हणायचो, पित्ताचा त्रास आहे. अनुराधा दरवेळी बाटली भरून द्यायची. परवा तिनं विचारलं, "सात वर्षं तुमच्या पित्ताला हैदराबादेत कधी काही झालं नाही, हे मी बोलले नाही ते माझं चुकलं का?" ती म्हणाली, "अरे वा, गप्प. कॅलेंडरवर लिहून ठेवते."

काल विक्रमला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं तो पाहुण्यांची गोष्ट काढेल. तसं नाही झालं. पोरगा हुशार आहे, तुझ्या हाताखाली तयार झालेला.

"गाठ कशी सोडवणार, सर?"

"शपथ तलाव साफ होईपर्यंतची आहे. तलाव साफ होणार नाही असं मी मैसम्मापुढे सांगितलं तर ती संपते. एल्लम्माला विचारलं मी. शपथ घातली त्यानंच सांगायचं, चारचौघांत, मोठ्यानं. तिथे दुसरा नियम नाही."

"आणि तलावाचं अपील? ऑगस्टमध्ये तारीख आहे. समितीचा संस्थापक जाहीर सभेत म्हणतो की तलाव साफ होणं अशक्य. कंपनीचा वकील दुसऱ्या दिवशी ते कोर्टात वाचेल. मग कारखाने म्हणतील, मेलेल्या तलावात आणखी सांडपाणी सोडलं तर बिघडलं काय? खाली सात गावं आहेत, सर."

"मग बालमणीचं काय?"

"तिला शहरात आणून ठेवू या. बाळंतपणापर्यंत. मी खोली बघतो."

"आणि चाळीस जणी?"

बालमणीला निरोप पाठवून पाहिला. ती म्हणाली, सासू विहिरीचं पिणार आणि मी शहरात बसून चांगलं पिऊ? नक्को.

त्रिवेणी, मी आयुष्यभर पुस्तकं वाचली ती कोंडलेल्या माणसांना वाट दाखवण्यासाठी. आता चारी भिंती मीच बांधलेल्या आहेत, आणि त्यांत माझ्याबरोबर एक्केचाळीस घरं आहेत. बोललो तर सात गावं, न बोललो तर एक पोट. न जाणं ही तिसरी वाट नाही, ते न बोलणंच आहे. रोज सकाळी ठरवतो, दुपारपर्यंत मोडतो. भाषण तयार करायला बसतो आणि प्रत्येक वाक्य टाळी मागतं. टाळीशिवायचं वाक्य कसं असतं ते मला माहीत नाही. तुझं कार्ड समोर टेकवून ठेवलंय. तसं असतं बहुधा.

हिम्मतराव


२१ जुलै १९९७

त्रिवेणी,

काल झालं ते जसं झालं तसं लिहितो.

बांधावर शामियाना होता. पाच पाहुणे, गळ्यात कॅमेरे, हातात सीलबंद पाण्याच्या बाटल्या. बायका डोक्यावर बोनालूची मडकी घेऊन वाजतगाजत आल्या. मडक्यात भात, वर दिवा, कडेनं कडुनिंबाचा पाला. मैसम्मापुढे मडकी उतरली, हळदीची घागर आली. विक्रमनं माझ्या हातात माइक दिला. माझ्याकडे बघितलं नाही.

मी माइक खाली ठेवला. मोठेपणा नव्हता त्यात. माइक हातात असता तर मी भाषण केलं असतं.

म्हणालो, "ये तलाव साफ नहीं होता. मेरी जिंदगी में नहीं, तुम्हारे बच्चों की जिंदगी में नहीं. मेरेकू छे साल से मालूम था."

कुणाला काही कळलं नाही असं वाटलं. वाजंत्री थांबली होती. मागे एक म्हातारी दुसरीला तेलुगूत विचारत होती, काय म्हणाला? एल्लम्मा पुढे आली.

"फिर से बोलो. हमकू नक्को. अम्मा की तरफ मुंह करके बोलो."

मी दगडाकडे तोंड केलं. माझा त्याच्यावर विश्वास नाही, कालही नव्हता. तरी शब्द निघेनात. आठ हजारांपुढे बोललोय मी, त्रिवेणी. अर्धं वाक्य आलं, पुढचं आलं नाही. पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. तलाव साफ होणार नाही. शपथ मी घातली, मी परत घेतो. या बायकांकडे त्यातलं काही नाही. जे असेल ते माझ्याकडे.

"बोतल का भी बोलो," एल्लम्मा म्हणाली.

"क्या?"

"तुम्हारी झोली की बोतल. अम्मा कू बोलो. हमकू तो पहले दिन से मालूम है." बायकांत कुणीतरी फिस्सकन हसलं. "पित्त बोलते थे. तेरह दफा मेरी चाय फेंके तुम, नीम के नीचे. नीम गूंगा है, मैं अंधी नहीं."

तेही सांगितलं, दगडाला, एक्केचाळीस बायकांसमोर. एल्लम्मानं घागर उचलली आणि हळदीचं पाणी चौथऱ्याखाली ओतून दिलं. कुणी हात बुडवला नाही. एक पाहुणी दुभाष्याला विचारत होती, हात कधी उमटवणार? त्यानं काय सांगितलं कोण जाणे.

विक्रमनं मला गाडीपाशी गाठलं. "ऑगस्टला काय सांगू कोर्टात?"

"अकरा पानं आहेत माझ्याकडे. त्यांत आणखी सोडलं तर खालच्या सात गावांचं काय होईल तेही आकड्यांत आहे. ती दे."

"त्यावर सही त्यांची आहे. आणि त्या कोण, तर कंपनीची भाषा बोलणारी बाई. कंपनीचा वकील तुमचंच भाषण वाचून दाखवेल." तो गाडीत बसला. काच वर करताना म्हणाला, "राजीनामा मंजूर आहे, सर." कडवटपणानं म्हणाला असता तर बरं वाटलं असतं. रडवेला होता.

आता मुख्य गोष्ट. सगळ्या जणी नळाकडे निघाल्या. मीही गेलो. बालमणीनं घागर तोटीखाली धरली. भरली. उचलून कमरेवर घेतली आणि माझ्यासमोर थांबली. पोरगी माझ्याशी कधी थेट बोललेली नव्हती.

"साब, ये पानी अच्छा है ना?"

"हौ" एवढंच म्हणायचं होतं. सगळ्या थांबल्या होत्या. सरकारी कागद आहे, पाणी चांगलं म्हणून. पण त्याच कचेरीनं १९९०मध्ये विहिरीचंही पाणी चांगलं म्हटलं होतं. पाइप कारखान्यानं टाकलाय. तो कुठून येतो, मध्ये कुठे काय मिसळतं, मी बघितलेलं नाही. विजयाच्या दिवशी मी नळाशेजारी फोटो काढला होता, पाणी तपासलं नव्हतं. समितीतही कुणी तपासलेलं नाही. तू गेल्यापासून आम्ही पाणी तपासणं सोडलं. त्याच्यावर भाषणं देत राहिलो.

"मालूम नहीं," मी म्हणालो.

बालमणीनं घागर खाली ठेवली.

मला वाटलं होतं, आता त्या माझ्यावर तुटून पडतील. शपथ सोडवली आणि पाणीही दिलं नाही. एल्लम्मा नळाच्या ओट्यावर बसली. म्हणाली, "वो बाई किधर है? बोतलां भरके लेके जाने वाली. चश्मेवाली."

"पूना में."

"हमकू डांटती थी, ये मत पीव, वो मत पीव. मीठा कुछ नहीं बोलती थी. उसकू बुलाओ."

"मेरे बुलाने से नहीं आती."

"तुम्हारा नाम कौन लिया? मेरा नाम लिखो. लिखो, एल्लम्मा बुलाई."

म्हणून लिहितोय. बोलावणं एल्लम्माचं आहे, माझं नाही, समितीचं नाही. समितीत मी आता नाही. तू आलीस तर मी गावात फिरकणारही नाही. अकरा पानं मी काल एल्लम्माच्या घरी नेऊन ठेवली. तिला वाचता येत नाहीत, पण तुझी आहेत म्हणून तिनं ती देवळीत ठेवली. ऑगस्टच्या तारखेला त्यांवरची सही तुझीच आहे असं कोर्टात सांगायचं की नाही, ते तूच ठरव. सिकंदराबादच्या सभेत मी बोललो ते खोटं होतं, असा कागद मी लिहून समितीच्या वकिलाकडे दिला आहे. तू ये अथवा न ये, तो राहील.

तुझ्या प्रयोगशाळेतून रजा मिळणं अवघड असेल. पाच बाटल्या लागतील, पाच नळ आहेत. विहिरीची एक, सहा.

नळाची घागर त्यांनी झाकून एल्लम्माच्या ओसरीवर ठेवली आहे. तू तपासून सांगेपर्यंत तिला कुणी हात लावणार नाही, असं त्यांनी आपसांत ठरवलं. शपथ घेतली नाही. मी निघालो तेव्हा बालमणी विहिरीकडे चालली होती.

हिम्मतराव